शांत राहण्याचं काम कुणाकडे?

दसरा उलटला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांना एकदम आपल्या प्रकृतीची काळजी वाटू लागते. 'सणासुदीत मन शांत कसं ठेवाल?' अशा मथळ्याचा लेख येतो आणि शेजारी एक फोटो येतो. फोटोतली बाई पैठणी नेसून, गजरा माळून, तळहातावर एकच पणती घेऊन मंद हसत असते. तिच्या मागे ओटा नसतो. ओट्यावर कढई नसते. कढईमागच्या फरशीवर तेल उडू नये म्हणून चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद नसतो. (त्या कागदावर बहुधा गेल्या वर्षीचा हाच लेख असतो.)

लेखातले सल्ले ठरलेले. यादी करा. कामं वाटून घ्या. 'नाही' म्हणायला शिका. आणि रोज दहा मिनिटं फक्त स्वतःसाठी ठेवा. ही शेवटची दहा मिनिटं मी मनापासून शोधली आहेत. आमच्या डोंबिवलीच्या घरात ती मिळण्याजोगी जागा एकच, आणि तिचंही दार दोन मिनिटांत वाजतं. "आई, कंदिलाचा होल्डर कुठंय?"

माझं आपलं निरीक्षण असं, की दिवाळीत घरातली एकूण शांतता ठरलेली असते. ती वाढत नाही आणि कमीही होत नाही, फक्त याच्याकडून त्याच्याकडे जाते. घरात कुणी फारच निवांत दिसायला लागलं की खुशाल समजावं, त्याच्या वाटणीची धावपळ दुसरं कुणीतरी करतंय. मग ते कुणीतरी कोण, एवढंच शोधायचं उरतं. आमच्याकडे फार शोधावं लागत नाही.

नियोजनाची पहिली अडचण अशी की सणाचा आणि कॅलेंडरचा पत्रव्यवहार फारसा बरा नाही. परीक्षा, लग्न, प्रमोशन, सगळ्याचं नियोजन करता येतं, कारण त्यांच्या तारखा माणसं ठरवतात. दिवाळीच्या तारखा चंद्र ठरवतो आणि त्याला कुणाच्या रजेच्या अर्जाशी देणंघेणं नसतं. 2022 साली अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं, दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण, आणि त्याच्या पुढच्या दिवशी पाडवा-भाऊबीज एकत्र. म्हणजे नवऱ्याला सकाळी ओवाळायचं आणि ते निरांजन विझायच्या आत भावाच्या घरी पोचायचं. पुढच्या वर्षी उलट प्रकार. 12 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, 14 ला पाडवा आणि मधला 13 तारखेचा सोमवार नुसता भाकड. त्या भाकड दिवशी काय करायचं याचं मार्गदर्शन कुठल्याच पुरवणीत नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून तो दिवस फराळ संपवण्यात घालवला आणि भाऊबीजेला चिवड्याचा नवा घाणा काढावा लागला. 2025 ला तर देशातच एकमत नव्हतं. उत्तरेकडचे बरेच लोक 20 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन करून मोकळे झाले आणि आपल्याकडे ते 21 ला. नवऱ्याच्या ऑफिसात त्याचे दिल्लीचे साहेब 21 ला मीटिंग ठेवून बसले होते.

तर नवरा. माझा नवरा स्वभावानं अतिशय शांत आहे. कंपनीत तो प्रोजेक्ट सांभाळतो आणि सगळं वेळेत होण्याबद्दल त्याचा लौकिक आहे. यंदा नवरात्रातच तो म्हणाला, "दरवर्षी तुमची फार ओढाताण होते. या वेळी आपण नीट प्लॅनिंग करू." आणि त्यानं खरंच एका रविवारी बसून एक्सेलमध्ये तक्ता केला. काम, जबाबदारी, मुदत, सद्यःस्थिती असे चार रकाने. झालेलं काम हिरवं, चालू पिवळं, राहिलेलं लाल. रंगीत प्रिंट काढून आणली आणि फ्रिजवर डाव्या बाजूला, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर चिकटवली.

सासूबाईंनी चष्मा लावून तो तक्ता परीक्षेचा निकाल बघावा तसा खालून वर वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय रे? 'चकली. एक दिवस'?"

"हो. शनिवारी चकली."

"भाजणी?"

"ते चकलीतच आलं ना."

"डाळ-तांदूळ धुवून वाळत कोण घालणार? भाजणार कोण? गिरणीत कोण जाणार? आणि गिरणीवाल्याला आधी सांगावं लागतं, गव्हावर दळू नको म्हणून. सोऱ्या काढलायस का? त्याची चकलीची चकती कुठंय?"

"आई, ते सगळं चकलीतच आलं."

मी त्या तक्त्यात 'जबाबदारी' हा रकाना फार बारकाईनं पाहिला. त्यात मुख्यतः दोन नोंदी होत्या: 'आई' आणि 'सगळे मिळून'. 'सगळे मिळून' म्हणजे मी, हे आमच्याकडे लहान मुलालाही कळेल. नवऱ्याच्या नावापुढे एकच शब्द होता, 'समन्वय'. हा समन्वय तो जेवणाच्या टेबलाशी बसून, दर तासाला एक वाक्य उच्चारून करतो. ते वाक्य असं: "सांग ना, मी काय मदत करू?"

वाक्य दिसायला किती प्रेमळ! पण कढईसमोर उभ्या असलेल्या बाईला विचारून पाहा. आता हातातलं सोडून मला त्याच्याजोगतं काम शोधायचं, ते समजावून सांगायचं आणि संपेपर्यंत हाकेच्या अंतरावर राहायचं. बेसनाच्या लाडवांच्या दिवशी मी म्हटलं, "पिठीसाखर तेवढी चाळून दे."

"चाळण कुठली?"

"बारीक जाळीची."

"ती कुठंय?"

"कणकेच्या डब्यावर."

"कणकेचा डबा कुठला?"

लग्न झाल्यापासून त्या डब्यातल्या कणकेच्या पोळ्या खाणारा माणूस हे विचारत होता. मी गॅस बारीक करून डबा दाखवला, चाळण दिली, ताट दिलं, ताटाखाली कागद घातला. त्यानं साखर उत्तम चाळली, खोटं कशाला बोला. मग तक्त्यातला 'बेसन लाडू' हा चौकोन हिरवा केला. बेसन अजून कढईत होतं.

या घरात कुठलंही काम वाटून घेण्याआधी त्याची सुनावणी होते. साफसफाईच्या दिवशी माळा काढला की खाली उतरणाऱ्या प्रत्येक वस्तूची बाजू सासूबाई मांडतात. बंद पडलेल्या मिक्सरचं खोकं. मिक्सर गेला, पण खोकं चांगलं आहे. एका पायाचा पाट, दुसरा पाय मिळाला की होईल. पितळी बंब, हा वस्तू नसून सासऱ्यांची आठवण आहे. आणि गणपतीचं जुनं थर्माकोलचं मखर. 2018 साली सरकारनं थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली, सगळ्या महाराष्ट्रात ती लागू झाली, फक्त आमच्या माळ्यापर्यंत अजून पोचलेली नाही. दरवर्षी ते मखर खाली येतं, पुसलं जातं आणि "यंदा असू दे, पुढच्या वर्षी बघू" या आदेशानुसार वर जातं. तक्त्यात त्यापुढे 'माळा साफ' असं लिहिलं होतं. चौकोन हिरवा झाला. माळ्यावरची एकही वस्तू कमी झाली नव्हती, पण सगळ्या पुसलेल्या होत्या. मागे रंग लावणारा आला होता, तो म्हणाला, "वहिनी, तुमच्या माळ्याला कलर नको, भाडेकरार पायजे."

फराळाच्या बाबतीत खरं वेळापत्रक एकाच पदार्थाकडे असतं आणि तो म्हणजे अनारसा. लाडू, चिवडा, शंकरपाळे यांना घाई चालते. रात्री अकरा वाजता लहर आली तरी शंकरपाळे होतात. अनारशाला घाई चालत नाही. कोजागिरीचं दूध आटवून झालं की तांदूळ भिजत पडतात. तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं. मग उपसून कापडावर, उन्हात नाही, घरातल्या घरात सावलीत पसरायचे. पूर्ण वाळता कामा नये. हाताला ओलसर लागतात तोवरच दळायचे, चाळायचे, किसलेला गूळ मळून गोळे डब्यात दाबून ठेवायचे. मग त्या डब्याकडे काही दिवस कुणी बघायचं नाही. सासूबाई म्हणतात, "त्याला मुरू दे." त्या स्वयंपाकघरात मुरायला वेळ मिळणारा तो एकमेव घटक आहे. पुढे खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात अलगद सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. गूळ जरा जास्त झाला असला की अनारसा तुपात हसतो, पसरतो आणि जाळी होऊन विरघळतो. हसलेल्या अनारशाकडे पाहून सासूबाई मात्र हसत नाहीत. मग पिठात तांदळाची पिठी, पुन्हा एक चाचणी, पुन्हा शांतता. घरातले सगळे त्या क्षणी श्वास रोखून उभे असतात. नवराही. फक्त तो फोटो काढत असतो.

चकलीची गोष्ट निराळी. तिथं सासूबाईंच्या हाताशी कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' असतं. 1970 साली निघालेल्या या पुस्तकानं मोजमाप वाटी-चमच्यात आणून लग्न होऊन आलेल्या मुलींवर केवढे उपकार केले, हे माझ्या आईच्या पिढीला विचारावं. आमच्या प्रतीचा चकलीचा कागद तेलानं इतका पारदर्शक झालाय की पाठीमागचा पदार्थही दिसतो. पण सासूबाई पुस्तक उघडतात ते केवळ मान म्हणून. भाजणी किती भाजायची ते त्या वासावरून ठरवतात, मोहन किती ते मुठीत पीठ दाबून बघतात आणि उकड झाली की नाही ते पातेल्यावरच्या झाकणाला कान लावून. पहिली चकली तेलात सोडतात, ती तुटली की माझ्याकडे बघतात. का ते माहीत नाही. दुसरी नीट होते, काटे उभे राहतात, मग त्यांचा चेहरा निवळतो आणि घरात परत बोलायची परवानगी मिळते.

आता यात एक गोम आहे. माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिला "घरचंच" लागतं, आणि घरचं तिथं वेळेत पोचायचं तर पार्सल लवकर निघायला हवं. म्हणून तिची दिवाळी आमच्याकडे ऐन नवरात्रात येते. सासूबाईंचे नऊ दिवस उपास. म्हणजे त्या उपाशीपोटी, चव न घेता, निव्वळ अंदाजानं मीठ-तिखट घालून परदेशासाठी चकल्या तळतात. चव घ्यायला मला बोलावतात. मी म्हणावं "ठीक आहे", की त्या म्हणणार "ठीक म्हणजे काय? जास्त की कमी?" शिवाय चकली विमानात बसली की तिचं काय होतं ते कुरिअरवाल्याला ठाऊक. नणंदेचा व्हिडिओ कॉल येतो, ती डबा उघडून दाखवते. लाडू सुखरूप, शंकरपाळे सुखरूप. आणि चकलीची परत भाजणी झालेली, फक्त तळलेली. "आई, चव मात्र तीच हं!" असं ती म्हणते आणि डोळे पुसते. सासूबाई फोन ठेवून मला म्हणतात, "मीठ कमी पडलं असणार. बोलली नाही ती."

बाकीचं नियोजन लेडीज डब्यात होतं. हे तक्तेवाल्यांना माहीत नसतं. सकाळच्या फास्ट लोकलला डोंबिवलीला चढलं की ठाण्यापर्यंत आकाशकंदिलाचा भाव कळतो, घाटकोपरपर्यंत चिवड्याला पातळ पोहे कुठल्या दुकानात चांगले आलेत ते, आणि दादर येईतो कुणाच्या जाऊबाईंनी यंदा काय दिवे लावले तेही. मधे विकणाऱ्या येतात. उटण्याची पाकिटं, रांगोळीचे छाप, तोरणं, मोत्यांच्या कुड्या. माझी सगळी किरकोळ खरेदी खिडकीशेजारच्या सीटवर होते. तिथं मी निर्णयही पटापट घेते, कारण कुर्ल्याला ती मावशी उतरणार असते. नवरा ऑनलाइन एक तोरण निवडायला तीन संध्याकाळी घेतो. परीक्षणं वाचतो.

बँकेत पोचले की वेगळीच दिवाळी. मी काउंटरवर असते. धनत्रयोदशीच्या आधी आठ दिवस शहरातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला अचानक माझी आठवण होते. एरवी वर्षभर ज्यांनी नमस्कार केलेला नसतो ते "काय वहिनी, तब्येत कशी?" म्हणत काचेपाशी येतात. त्यांना दहा रुपयांच्या कोऱ्या नोटांचं बंडल हवं असतं. ओवाळणीला, पूजेला, नातवंडांना, सोसायटीच्या वॉचमनला. बंडलं मोजकीच येतात आणि ती कुणाला द्यायची हा प्रश्न माझ्या मनःशांतीसाठी विशेष पोषक नाही. एका काकांनी मला सांगितलं, "जुन्या नोटेला लक्ष्मी येत नाही." मी म्हटलं, "काका, पगारात मला कायम जुन्याच मिळाल्यात." ते म्हणाले, "मग बरोबर."

आता आमच्या शेजारच्या काकूंबद्दल सांगते. सगळ्या इमारतीत शांत म्हणून ज्यांचा दाखला देतात त्या या काकू. त्यांची पद्धत अशी की दर दिवाळीला एक पदार्थ कायमचा बंद करायचा. प्रथम चिरोटे. "मला आता पापुद्र्यांची हौस नाही," असं त्यांनी जिन्यात जाहीर केलं. बायका महिनाभर कुजबुजल्या. पुढच्या वर्षी करंज्या गेल्या, मग अनारसे, मग कडबोळी. आता त्यांच्याकडे चिवडा आणि बेसन लाडू एवढंच घरी होतं, बाकी सगळं बचत गटाकडून. कुजबुजणाऱ्या बायकांनी आधी नाक मुरडलं, मग त्या बचत गटाचा नंबर मागितला. मीही मागितला. पुरवणीतल्या सगळ्या सल्ल्यांमध्ये 'नाही म्हणायला शिका' हा एकच सल्ला काकूंनी प्रत्यक्षात आणलाय, आणि तोही पुरवणी न वाचता.

त्या गटातल्या ताई डबे पोचवायला आल्या तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, "तुमचा स्वतःच्या घरचा फराळ झाला का हो?" त्या हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "कुठलं! आमचा लक्ष्मीपूजनाच्या रात्री. ऑर्डरी संपल्यावर. घटस्थापनेपासून तळतोय ताई, आता पोरं चकली म्हटलं की पळतात." मग त्यांनी पैसे मोजले, पावती दिली, आणि "वरच्या मजल्यावर लिफ्ट जाते ना?" म्हणत निघाल्या. काकूंच्या चेहऱ्यावरची शांतता कुठून आली ते मला त्या लिफ्टच्या दारात कळलं. मी तिला नावं ठेवत नाही, कारण त्याच ताईंकडून मीही एक किलो कडबोळी घेतली होती.

तरी सगळ्यात जुनी आणि प्रतिष्ठित शांतता म्हणजे दिवाळी अंकाची. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला. साहित्याच्या इतिहासात त्याचं जे स्थान असेल ते असो, घरगुती इतिहासात त्याचं स्थान असं, की फराळाच्या गर्दीत पुरुषाला खुर्चीत बसून राहायला एक सुसंस्कृत कारण मिळालं. तोवर बिचारे नुसतेच बसत असतील. आता नवरा अंक उघडतो आणि मधेच वर बघून म्हणतो, "काय सुंदर कथा आहे! तू वाचच." मी वाचते. जानेवारीत. तोवर अंकाच्या मुखपृष्ठावर शेवेच्या डब्याचा गोल उमटलेला असतो आणि शेवटच्या पानावर सासूबाईंनी पेपरवाल्याचा हिशेब केलेला असतो.

लेकीचं मात्र बरं चाललंय. तिला तक्ता नाही, यादी नाही, मुदत नाही. तिचा कंदील वसुबारसेच्या रात्री अर्धवट असतो, नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री घरभर कागदाच्या कातरणांसकट अर्धवट असतो आणि पहाटे चार वाजता पूर्ण होऊन लटकत असतो. तिनं त्या वेळात किती गोष्टी केल्या आणि किती रील पाहिल्या, याचा हिशेब लागत नाही. तिच्या बापाच्या तक्त्यात तो चौकोन शेवटपर्यंत लाल होता, आणि सगळ्या घरात वेळेवर झालेलं तेवढं एकच काम होतं.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी पहाटे आमच्याकडे बाथरूमची रांग लागते. सासूबाई कारीट आणून ठेवतात, आम्ही अंगठ्यानं ते फोडतो, कडू जीभ करतो, मग उटणं, तेल, "डोक्यावरून पाणी घे नीट", "गिझर बंद कर", "माझा टॉवेल कुणी घेतला". साडेसहाला फराळाचं ताट, आणि त्यानंतर डोंबिवलीचा चमत्कार होतो. सगळी तरुण पोरं नवे कपडे घालून फडके रोडला, गणेश मंदिराकडे निघतात. एकमेकांना बघायला, हे कुणी कबूल करत नाही. पाय ठेवायला जागा नसते, पोरींच्या नथी आणि पोरांचे झब्बे यांचा एकच गदारोळ. लेक जाते, तिच्या मागोमाग "गर्दी बघून येतो" म्हणून बापही जातो. तेवढ्या दोन-तीन तासांत सगळं गाव एका रस्त्यावर उभं असतं आणि उरलेली डोंबिवली इतकी चिडीचूप होते की फ्रिजची घरघर ऐकू येते. सासूबाई अंग टेकतात. मी ओट्यापाशी स्टुलावर बसून, गरम चहाबरोबर, कुणीही न बघता तुटलेल्या चकल्या खाते. नणंदेसारखीच. पुरवणीवाल्यांनी सांगितलेली ती दहा मिनिटं बहुधा हीच असावीत, पण त्यांनी फडके रोडचा उल्लेख करायला हवा होता.

त्यानंतर पाडवा, मग भाऊबीज. तिचा वेगळा प्रवासआराखडा असतो, कारण माझे दोन भाऊ, एक कल्याणला आणि एक पनवेलला, आणि नवऱ्याची चुलतबहीण दिव्याला, आणि तिची अपेक्षा की तो जेवायच्या वेळेला येईल. तिघांनाही एकच वेळ सोयीची असते. नवऱ्यानं त्या दिवसाचा नकाशा काढला होता, त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक धरला नव्हता. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. आम्ही पनवेलला पोचलो तेव्हा भावाची मुलं झोपली होती आणि वहिनी दाराशी उभी राहून म्हणाली, "या, या. काही नाही, अन्न गरम करते."

मग डबे परत करायचे. हे खरं शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम, तक्त्यात त्याला ओळच नव्हती. आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत जात नाही. म्हणून आमच्या मजल्यावरचे सगळे डबे कायम प्रवासात असतात. काकूंचा स्टीलचा डबा आमच्याकडे, आमचा टपरवेअरचा दुसऱ्या मजल्यावर, आणि निळ्या झाकणाचा एक डबा असा आहे जो कुणाचाच नाही. तो वर्षानुवर्षं फिरतोय, प्रत्येक घर त्यात काहीतरी घालून पुढं पाठवतं. सासूबाईंना मात्र डबा कुणाचाही असो, चिवडा कुणाचा ते एका घासात कळतं. "हा देशपांड्यांचा. शेंगदाणे तळलेले नाहीत, भाजलेत. काटकसर."

तुळशीच्या लग्नाआधी नवीन वर्षाचं कॅलेंडर घरात आलं. सासूबाईंनी पानं उलटायला घेतली. मे महिन्याशी थांबल्या, चष्मा सारखा केला.

"अगं, पुढच्या वर्षी अधिक महिना आहे. ज्येष्ठ. 17 मेपासून."

नवऱ्यानं अंकातून डोकं वर काढलं. त्याला अधिक महिन्याचा अर्थ बरोबर ठाऊक होता. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण मिळतं आणि तो माझ्या आईचा जावई आहे.

"म्हणजे तुझ्या आईंना आतापासून सांगायला हवं," तो म्हणाला. आणि लगेच लॅपटॉप उघडला. "मी एक तक्ता करून देतो त्यांना. तांदूळ भिजवण्यापासून. सांग ना, अजून काय मदत करू?"

सासूबाईंनी कॅलेंडर मिटलं.

"खा," त्या म्हणाल्या.